दहावीनंतरचं शहर

मीरा-भाईंदरमध्ये मुलाला शाळेत घालण्यासाठी शहराबाहेर जावं लागत नाही. मीरा रोडला शांतीनगर, नया नगर, सृष्टी अशा वसाहती उभ्या राहिल्या, तशा त्यांच्या पोटात शाळाही उभ्या राहिल्या. भाईंदरला स्टेशनच्या दोन्ही अंगांना जुन्या-नव्या शाळा आहेत. महानगरपालिकेच्या शाळांतून मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू अशा चार माध्यमांत शिकवलं जातं. बालवाडीपासून दहावीपर्यंतची वाट शहराच्या आतच पुरी होते. खरा प्रश्न दहावीच्या निकालानंतर सुरू होतो. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरायची वेळ आली, की वरच्या ओळींत बोरिवली, कांदिवली, मालाड, विलेपार्ले अशी नावं येतात आणि स्वतःच्या शहरातलं कॉलेज बहुधा खालच्या ओळीत जातं. आठ लाखांहून अधिक वस्तीचं शहर आपली मुलं पंधरा-सोळा वर्षांची होईपर्यंत सांभाळतं आणि मग रोज सकाळी त्यांना लोकलच्या हवाली करतं. ही भौगोलिक सोय आहे, अशी आपण स्वतःची समजूत घालून घेतली आहे. माझं म्हणणं असं, की ही शहराच्या घडणीतली उणीव आहे. तिची कारणं शोधता येतात आणि ती भरूनही काढता येते.

आधी शहराची वाढ पाहू. भाताची खाचरं, मिठागरं, आगरी आणि कोळी गावं, ख्रिस्ती वाड्या आणि मधून जाणारी पश्चिम रेल्वे, एवढाच हा मुलूख होता. १२ जून १९८५ रोजी ग्रामपंचायती एकत्र करून इथे नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. १९९१च्या जनगणनेत इथली लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१मध्ये ती ५ लाख २० हजारांवर गेली आणि २०११मध्ये ८ लाख ९ हजारांवर. वीस वर्षांत वस्ती साडेचार पटींहून अधिक वाढली. आली ती मुख्यतः मुंबईत घर न परवडणारी कुटुंबं: नवरा-बायको दोघं नोकरी करणारी, एक-दोन मुलं असलेली, कर्जावर वन रूम किचन घेणारी. घर घेताना ही माणसं दोन गोष्टी बघत, स्टेशन किती लांब आणि शाळा किती जवळ. बांधकाम व्यावसायिकांनाही हे ठाऊक होतं. त्यामुळे शाळा घराबरोबरच आली. कॉलेजची गरज मात्र घर घेताना कुणालाच दिसत नाही, कारण तेव्हा मूल तीन वर्षांचं असतं. तेरा वर्षांनी ती दिसते, तेव्हा वसाहतीतला मोकळा भूखंड संपलेला असतो.

पण हे अर्धंच कारण झालं. उरलेलं अर्धं राज्याच्या शिक्षणधोरणात आहे, आणि तिकडे फारसं लक्ष दिलं जात नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या गावांनी आपली महाविद्यालयं कशी उभी केली ते आठवून पाहा. रत्नागिरीत आजचं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५मध्ये सुरू झालं, तेव्हा रत्नागिरी आजच्या मीरा-भाईंदरच्या एखाद्या कोपऱ्याएवढंही नव्हतं. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळ १९३५मध्ये स्थापन झालं. त्याच मंडळाने पुढे १९६९मध्ये कला-वाणिज्य महाविद्यालय आणि १९७६मध्ये बांदोडकर विज्ञान महाविद्यालय काढलं. या सगळ्या उभारणीत गावातल्या माणसांची देणगी, वेळ आणि हट्ट होता, पण त्यामागे आणखी एक आधार होता, तो म्हणजे सरकारी अनुदान. अनुदानित महाविद्यालयात प्राध्यापकांचा पगार सरकार देतं. त्यामुळे फी कमी राहते, आणि इतिहासाच्या वर्गात वीसच मुलं असली तरी तो वर्ग चालू ठेवता येतो. संस्थेला प्रत्येक विषयाकडे वसुलीच्या नजरेने पाहावं लागत नाही.

हा आधार नेमका मीरा-भाईंदर वाढत असताना आटत गेला. १९८३मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. नोव्हेंबर २००१मध्ये नव्या शिक्षणसंस्थांसाठी ‘कायम विनाअनुदानित’ धोरण आलं. त्यानंतर तीनच महिन्यांनी मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली. २०१२मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. एकीकडे हे शहर लाखालाखाने वाढत होतं आणि दुसरीकडे राज्य नव्या शिक्षणसंस्थांचा पगारखर्च उचलण्यातून हात काढून घेत होतं. रत्नागिरी, सांगली, ठाणे या शहरांना मिळालेली शिडी मीरा-भाईंदरची पाळी येईपर्यंत काढून घेतलेली होती. इथल्या लोकांना शिक्षणाची आच कमी होती, हा आरोप टिकत नाही. मुलाच्या शाळेसाठी पगाराचा मोठा हिस्सा मोजणारी कुटुंबं इथे घरोघर आहेत. कमी होता तो त्यांच्या पैशाला सार्वजनिक पैशाची जोड देणारा मार्ग.

त्या पोकळीत खासगी संस्था आल्या, आणि त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मीरा रोडची एन. एल. दालमिया व्यवस्थापन संस्था १९९५पासून चालू आहे. श्री एल. आर. तिवारी अभियांत्रिकी महाविद्यालय २०१०मध्ये सुरू झालं. भाईंदर पूर्वेला शंकर नारायण आणि अभिनव, पश्चिमेला रीना मेहता, मीरा रोडला रॉयल अशी महाविद्यालयं आहेत. ती नसती तर अनेक मुलांचं शिक्षण, त्यातही मुलींचं, बारावीलाच थांबलं असतं. पण फीवरच चालणाऱ्या संस्थेचं गणित तिला काही वाटांनीच नेतं. वाणिज्य, व्यवस्थापन, लेखा-वित्त, माहिती तंत्रज्ञान या विषयांना मागणी असते आणि मोठ्या प्रयोगशाळा लागत नाहीत, म्हणून ते आधी निघतात. वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र, इतिहास, मराठी साहित्य, मानसशास्त्र यांची पाळी शेवटी येते किंवा येतच नाही. ज्या मुलीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचं आहे, तिच्यासमोर मग दोनच पर्याय उरतात: विषय बदलायचा किंवा गाडी पकडायची. सरकारी महाविद्यालयातल्या फीत कला, विज्ञान किंवा वाणिज्य शिकायचं तर मीरा-भाईंदरच्या मुलांसाठी जवळचं जुनं नाव म्हणजे जोगेश्वरीचं इस्माईल युसुफ. ते १९३०मध्ये सुरू झालं, म्हणजे मीरा रोड नावाचं शहर कुणाच्या मनातही नव्हतं तेव्हा.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो, की मुंबई काही परदेशात नाही. मीरा रोडहून बोरिवली दोन स्टेशनांवर आहे. पार्ल्याची साठ्ये, डहाणूकर, मिठीबाई आणि अंधेरीचं भवन्स यांसारखी नावाजलेली महाविद्यालयं एका लोकलच्या अंतरावर असताना त्यांची दुय्यम प्रत शहरात कशाला काढायची? हा आक्षेप मला गंभीर वाटतो, कारण त्यात तथ्य आहे. चांगलं शिक्षण मिळत असेल तर त्यासाठी प्रवास करण्यात गैर काही नाही, आणि मोठ्या शहराची हवा लागणं हासुद्धा शिक्षणाचाच भाग आहे. पण अंतर किलोमीटरमध्ये मोजलं की फसगत होते. विरारहून येणारी गाडी सकाळी भाईंदरला पोहोचते तेव्हाच भरलेली असते. मीरा रोडला चढणं ही त्यापुढची परीक्षा. बसायला जागा मिळावी म्हणून कित्येक जण आधी उलटे विरारच्या दिशेने जातात आणि तिथून पुन्हा मुंबईकडे निघतात. उत्तन, पाली, डोंगरीच्या मुलांना स्टेशन गाठायला आधी बस लागते. त्यांच्या दिवसाचे तीन-चार तास वाटेत जातात. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवलीदरम्यान पहिली महिला विशेष लोकल सुरू झाली आणि पुढे ती विरारपर्यंत गेली. या मार्गावरच्या बायकांच्या प्रवासाचा ताण रेल्वेनेही तीस वर्षांपूर्वी ओळखला होता, असाच त्याचा अर्थ. त्या ताणात आता सोळा वर्षांच्या मुलींनाही आपण गृहीत धरलेलं आहे.

शिवाय प्रवासाची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. नव्वद टक्के गुण मिळवणाऱ्या मुलासाठी घरचे काहीही करतात. पासष्ट टक्क्यांच्या मुलीला मात्र घरी हिशेब ऐकावा लागतो: पास, डबा, क्लासची वेळ, अंधार पडायच्या आत घरी येणं. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना, म्हणजे आठवीपर्यंत, मोफत शिक्षणाची हमी देतो. महापालिकेची कायद्याने ठरलेली जबाबदारीही प्राथमिक शिक्षणाचीच. तेव्हा पालिकेच्या शाळेतल्या मुलाला बहुधा पहिला उंबरठा आठवीनंतर ओलांडावा लागतो आणि दुसरा दहावीनंतर. मिठागरात, नाक्यावर किंवा घरकामाला जाणाऱ्या आईबापांच्या मुलाला प्रत्येक उंबरठ्याशी नवी फी, नवं अंतर आणि नवी कागदपत्रं आडवी येतात. २०२४मध्ये राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास गटांतल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी दिली. पाऊल फार चांगलं आहे. पण ही माफी ज्या मुलीपर्यंत पोहोचायची, ती आधी बारावी पार करून प्रवेशपरीक्षेपर्यंत आलेली असावी लागते. गळती त्याआधीच्या चार वर्षांत होते, आणि ती चार वर्षं घराजवळच्या वर्गावर अवलंबून असतात.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाच्या बाजूने येतो. आता व्याख्यानं मोबाइलवर मिळतात, मग इमारती कशाला? या प्रश्नाचं उत्तर मार्च २०२०नंतरच्या कोविडच्या दोन वर्षांनी दिलेलं आहे. वन रूम किचनमध्ये वडिलांचं कार्यालय, दोन भावंडांचे वर्ग आणि आजीचं आजारपण एकाच खोलीत चाललं, तेव्हा शिक्षणाला जागा लागते हे घरोघर कळलं. मीरा-भाईंदर हे लहान घरांचं शहर आहे, आणि इथला विद्यार्थी पहिल्यांदा कशाला मुकत असेल तर शांततेला. म्हणून माझ्या दृष्टीने महाविद्यालयाइतकीच निकड अभ्यासिकांची आहे. पुण्या-मुंबईच्या जुन्या वस्त्यांतून वाचनालयाला जोडलेल्या अभ्यासिकांनी किती पिढ्या घडवल्या, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. एक मोठी खोली, टेबलं, पंखे, दिवे, स्वच्छतागृह, मुलींसाठी सुरक्षित वेळा आणि रात्री उशिरापर्यंत उघडं दार, एवढ्यावर अभ्यासिका चालते. तिला विद्यापीठाची मान्यता लागत नाही, प्राध्यापक लागत नाहीत. परीक्षेच्या काळात संध्याकाळी सातनंतर रिकाम्या पडणाऱ्या पालिकेच्या शाळांचे वर्ग उघडले, तरी काम सुरू होईल.

तिसरा आक्षेप प्रशासनाचा: उच्च शिक्षण हे महापालिकेचं काम नाही आणि तेवढा पैसाही नाही. पहिला भाग कायद्याच्या अक्षरापुरता खरा आहे. उच्च शिक्षण हे महापालिकेच्या बंधनकारक कामांत येत नाही. पण बंधनकारक नसलेली कामं करायची नाहीत, असं महाराष्ट्रातल्या महापालिकांनी कधी मानलेलं नाही. मुंबई महापालिका १९२६पासून जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय चालवते आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या ठाणे महापालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय कळव्याला १९९२पासून आहे. त्याच ठाणे महापालिकेने १९८७मध्ये चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था काढली आणि स्पर्धा परीक्षांची महागडी तयारी सामान्य घरातल्या मुलांच्या आवाक्यात आणली. ठाणे शहराला जे सुचलं आणि साधलं, ते मीरा-भाईंदरला सुचू नये असं काही नाही. पैशाबद्दल म्हणायचं तर सगळा भार पालिकेने उचलावा असं कुणी मागत नाही. शहरात सगळ्यात महाग वस्तू जमीन आहे, आणि विकास आराखड्यात सार्वजनिक कामासाठी भूखंड राखून ठेवण्याचा अधिकार पालिकेच्या हाती आहे. जागा पालिकेची, मान्यता मुंबई विद्यापीठाची, पगार राज्याचा आणि इमारतीला स्थानिक दात्यांचा हात, अशी वाटणी झाली तर एक सार्वजनिक महाविद्यालय अशक्य नाही. जुन्या गावांनी हीच वाटणी वेगळ्या नावांनी केली होती.

एखादं मध्यम आकाराचं शहर शिक्षणाभोवती कसं उभं राहतं, हे पाहायला कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातला वॉटर्लू विभाग उपयोगी पडेल. टोरांटोसारख्या महानगराच्या सावलीतला हा विभाग. २०२१च्या जनगणनेनुसार तिथली वस्ती ५ लाख ८७ हजार, म्हणजे आपल्या शहराहून कमी. तिथल्या उद्योजकांनी आणि शिक्षणाची तळमळ असलेल्या लोकांनी पुढाकार घेतला आणि १९५७मध्ये अभियांत्रिकीच्या ७४ विद्यार्थ्यांपासून आजचं वॉटर्लू विद्यापीठ सुरू झालं. त्यांची मुख्य कल्पना अशी होती, की विद्यार्थ्याने काही महिने वर्गात शिकावं आणि काही महिने पगार घेऊन कारखान्यात किंवा कार्यालयात काम करावं. पुढे त्या विभागात संगणक उद्योग रुजला, त्याचं मूळ या रचनेत आहे. त्याच विभागातलं कॉनेस्टोगा कॉलेज १९६७मध्ये स्थानिक तरुणांच्या कौशल्यशिक्षणासाठी निघालं. याच कॉलेजने अलीकडे परदेशी विद्यार्थ्यांच्या मोठ्या फीवर इतकी भिस्त ठेवली, की गावात भाड्याच्या खोल्या मिळेनाशा झाल्या. जानेवारी २०२४मध्ये कॅनडा सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली तेव्हा त्या फीचा आधारच डळमळला. या उदाहरणातून दोन्ही धडे घेण्यासारखे आहेत. गावाच्या गरजेशी जोडलेली संस्था गावाला वर काढते, आणि फीच्या मागे धावणारी संस्था, सार्वजनिक असली तरी, गावापासून तुटते.

मीरा-भाईंदरची गरज कोणती, हे पाहायला डोळे उघडे ठेवले तरी पुरे. भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे आणि इतर लहान कारखाने आहेत. तिथे धातुकाम, यंत्रदुरुस्ती, हिशेब, निर्यातीचे कागद यांचं शिक्षण कामाच्या जोडीने देता येईल. उत्तनच्या किनाऱ्यावर मासेमारीची गावं आहेत, तिथे बोंबील वाळतात, बोटी दुरुस्त होतात. १९६१मध्ये स्थापन झालेली मत्स्यशिक्षणाची देशातली मोठी केंद्रीय संस्था वर्सोव्यात आहे, आणि तिच्या तोलाची नाही तरी तिच्याशी जोडलेली पदविका उत्तनच्या मुलांना मिळायला हरकत कसली? समुद्राची जाण जिला जन्मापासून आहे, त्या कोळी मुलीने शीतगृह, मासळीची प्रक्रिया, पाण्याची तपासणी यांचं शास्त्र शिकून त्याच किनाऱ्यावर काम करावं, याहून शिक्षणाचा सरळ उपयोग कोणता? नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीत प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक दिले आहेत. ते श्रेयांक कागदावरच्या प्रकल्पात जावेत की इथल्या कारखान्यात आणि किनाऱ्यावर, हे ठरवणं स्थानिक महाविद्यालयांच्या हातात आहे.

आणखी एक गोष्ट, आणि ती मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याची आहे. जुलै २०२५मध्ये भाषेच्या प्रश्नावरून मीरा रोडचं नाव देशभर गाजलं, मोर्चे निघाले, प्रतिमोर्चे निघाले. मराठीच्या सन्मानाचा आग्रह योग्यच आहे. पण भाषा शेवटी रुजते ती एकत्र राहण्या-शिकण्याच्या जागी. इथे आगरी, कोळी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, कोकणी मुस्लिम, ख्रिस्ती अशा अनेक घरांतली मुलं वाढतात. २०२०च्या कायद्याने पहिली ते दहावी प्रत्येक शाळेत मराठी सक्तीची केली आहे. शाळेत ती विषय म्हणून येते आणि गुणपत्रिकेत संपते. ती बोलीतली, मैत्रीतली, नाटकातली भाषा व्हायची असेल तर त्यासाठी महाविद्यालयाचं अंगण लागतं: एकांकिका स्पर्धा, वादविवाद, भित्तिपत्रक, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर. या शहरातल्या मुलांचं ते अंगण मुंबईत असतं. जी मुलं तीन ते पाच वर्षं शहराबाहेर घालवतात, त्यांची मैत्री, चळवळ, नाटक, पहिलं भाषण, सगळं तिकडेच राहतं. मीरा-भाईंदरला ती फक्त झोपायला येतात. अशा शहरात एकमेकांची ओळख फलाटावर होते किंवा मोर्चात, आणि दोन्ही जागा ओळख वाढवण्यासाठी फार चांगल्या नाहीत.

म्हणून मागणी मोजकी आणि क्रमाने करायला हवी. प्रत्येक प्रभागात पालिकेची एक अभ्यासिका हे एका वर्षाचं काम. पालिकेच्या शाळांतली वाट आठवीवर न अडवता दहावीपर्यंत नेणं आणि निवडक ठिकाणी कला-विज्ञान शाखांचं कनिष्ठ महाविद्यालय जोडणं हे पाच वर्षांचं. सरकारी किंवा अनुदानित फीमध्ये मूलभूत विज्ञान, भाषा आणि समाजशास्त्रं शिकवणारं एक पूर्ण महाविद्यालय उभं करणं हे दहा वर्षांचं. त्याच्यासाठी भूखंड मात्र आजच राखून ठेवावा लागेल, कारण या शहरात मोकळी जमीन दहा वर्षं कुणाची वाट बघत नाही. मुंबईच्या महाविद्यालयांत जाणारी मुलं त्यानंतरही जातील, आणि जावीतच. फरक एवढाच पडेल, की गाडी पकडणं हा त्यांनी केलेला पर्याय असेल. ज्यांना ती पकडता येत नाही, त्या मुलांना दहावीनंतरही शिकायला स्वतःचं शहर असेल.